एक गाठ, तीन देश : खानदेशच्या कापसामागून

(दृश्य : धरणगावजवळची एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. हिवाळ्यातली सकाळ. काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग, मागे कापसाचा ढीग.)

धरणगाव, जिल्हा जळगाव. ट्रॅक्टरवरून उतरणारा प्रत्येक शेतकरी आधी एकच विचारतो, "काय भाव शे आज?" उत्तर मिळायच्या आत व्यापाऱ्यानं कोपरापर्यंत हात ट्रॉलीत घातलेला असतो. वरचा कापूस तो बघतच नाही. आतला मूठभर काढतो, कारण ओलावा आत असतो. मग सरकीला चिकटलेले चार तंतू सोडवून दोन्ही अंगठ्यांत धरतो आणि हळूच ताणतो. किती लांब येतात, कुठं तुटतात, पाहतो. कवडी (किडका, खराब कापूस) किती, पाला किती, एका नजरेत मोजतो. वर्षभराच्या कष्टाचा भाव या अर्ध्या मिनिटात ठरतो.

(दृश्य : रोलर. एका बाजूला रुई, दुसऱ्या बाजूला सरकी. डोक्याला फडकं बांधलेल्या बाया कापूस पुढे ढकलताहेत.)

१०० किलो कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते. सरकी तेलाला आणि ढेपेला जाते. रुई प्रेसमध्ये दाबून पट्ट्या आवळल्या, की १७० किलोची एक गाठ तयार. काही गाठी गुजरातच्या आणि तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत जातात. आणि बऱ्याच गाठी देशाची हद्द ओलांडतात. खानदेशच्या रुईचं एक मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे. तिथं कापूस जवळजवळ पिकत नाही, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश गेली कित्येक वर्षं चीनच्या मागोमाग उभा आहे.

एका गाठीत, घट धरूनही, अंदाजे आठ-नऊशे टी-शर्ट बसतात. गाठ आपण विकतो, टी-शर्ट ते विकतात. ही गाठ पुढं जिथं जाते तिथं असं काय घडलं, जे अमळनेरला, चाळीसगावला, धुळ्याला घडलं नाही? आज तेच पाहायचंय.

(दृश्य : जुना नकाशा. अखंड हिंदुस्थान, मग १९४७, मग १९७१.)

भारत, पाकिस्तान, बांगलादेश. १९४७ पर्यंत हा सगळा कारभार एकाच छताखाली चालत होता. १८६० ची दंडसंहिता तीच, कलेक्टर आणि तहसील तेच, रेल्वेचं जाळं तेच. आणि त्याहून जुनं असं पुष्कळ काही सारखं. शेतीवर चालणारं घर, थोरल्यांचा शब्द, मुलीच्या लग्नाची घाई, हुंड्याची धास्ती, सुनेनं उंबरठा ओलांडावा की नाही यावर होणारी चर्चा. बांगलादेशातल्या खुलन्याच्या खेड्यातली सून आणि चोपड्याच्या खेड्यातली सून एकमेकींची भाषा समजणार नाहीत, पण एकमेकींचं दुखणं नक्की समजेल.

आपल्याकडं भावाभावांत शेताची वाटणी होते. जमीन तीच, विहीर तीच. दहा वर्षांनी एकाचं घर उभं राहतं आणि दुसऱ्याचं कर्जात जातं, आणि गाव म्हणतं, याचा स्वभावच तसा. देशांबद्दलही असंच बोललं जातं. ते लोकच आळशी, तो धर्मच तसा, त्यांच्या रक्तातच व्यापार. हे आपल्या पारावर चालतं आणि वर्तमानपत्रांतही. पण मुळं सारखी असतील, तर फरकाचं कारण मुळांत शोधून सापडणार नाही. ते नंतरच्या निर्णयांत शोधावं लागेल.

(दृश्य : १९७० च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं. पूर, निर्वासितांचे तांडे.)

१९७१ मध्ये यातला कोणता देश पुढं जाईल असं विचारलं असतं, तर बांगलादेशाचं नाव कुणीही घेतलं नसतं. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेली. मग युद्ध. एक कोटीच्या आसपास लोक भारतात आश्रयाला आले. १९७४ मध्ये दुष्काळ. त्या वेळी पाकिस्तानचं दरडोई उत्पन्न चांगलं होतं. १९६० च्या दशकात तर पाकिस्तानच्या वाढीचा वेग आपल्यापेक्षा जास्त होता. त्या वाढीचा मलिदा मूठभर घराण्यांकडे गेला, हे तिथल्याच महबूब उल हक या अर्थतज्ज्ञानं १९६८ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. बावीस घराणी, असा आकडाच त्यानं मांडला. याच माणसानं पुढं अमर्त्य सेन यांच्या साथीनं मानव विकास निर्देशांकाची कल्पना उभी केली, आणि १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल निघाला. उत्पन्नापलीकडे आयुर्मान आणि शिक्षण मोजा, हे जगाला एका पाकिस्तानी आणि एका भारतीय माणसानं मिळून शिकवलं. आपण हे फार क्वचित आठवतो.

आता १९७२ हे साल नीट बघू. या एका वर्षात तिघांनी जवळजवळ एकच पाऊल टाकलं. पाकिस्तानात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुल्फिकार अली भुट्टोंनी अवजड उद्योग सरकारच्या ताब्यात घेतले. ढाक्यात शेख मुजीबुर रहमान यांच्या सरकारनं तागाच्या आणि कापडाच्या गिरण्या, बँका सरकारी केल्या. आणि इथं महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस फक्त सहकारी पणन फेडरेशनलाच घालायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण शेजारच्या राज्यात भाव चढला, की खानदेशातल्या गाड्या रात्री मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडं आणि गुजरातकडं वळायच्या. आपलाच कापूस आपल्याच देशात चोरून न्यायचा! त्या काळातले शेतकरी आज साठी-सत्तरीत आहेत. या विषयावर त्यांना बोलतं करावं लागत नाही.

पाकिस्तान आणखी पुढं गेला. १९७६ मध्ये भुट्टोंनी जिनिंगसुद्धा सरकारी केल्या. मागं जी जिनिंग दिसतेय, तसल्या छोट्या तालुक्याच्या जिनिंगवर सरकारी अधिकारी बसवला, अशी कल्पना करा. वर्षभरातच भुट्टोंची सत्ता गेली आणि त्या जिनिंग परत मूळ मालकांकडं आल्या. तोवर मालकांचा विश्वास उडालेला होता. पैसेवाल्यानं धाडस करायचं सोडलं, की ते परत यायला पिढी जाते.

(दृश्य : शिलाई मशीनची ओळ. मशीनचा आवाज.)

तिघांची वाट खरी फुटली ती १९७८ मध्ये, आणि तेही कापसामुळं नाही. त्याची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे.

१९७४ पासून जगात कापडाच्या व्यापारावर कोटा होता. कोणत्या देशानं अमेरिकेत आणि युरोपात किती शर्ट पाठवायचे, ते ठरलेलं. दक्षिण कोरियाचा कोटा भरून वाहत होता. त्यामुळं तिथली देवू कंपनी असा देश शोधत होती, ज्याचा कोटा रिकामा पडलाय. बांगलादेशात तयार कपड्यांचा धंदाच नव्हता, म्हणून कोटाही रिकामा. नुरुल कादेर नावाचा एक माजी सनदी अधिकारी पुढं आला. त्यानं देश गारमेंट्स ही कंपनी काढली आणि १९७८ मध्ये देवूशी करार केला. सुमारे १३० माणसं कोरियात बुसानला शिकायला पाठवली. त्यांत बायाही होत्या. सहाएक महिने त्यांनी तिथं मशीन, कापणी, दर्जा, वेळेचं गणित, सगळं शिकून घेतलं. १९८० मध्ये चितगावला कारखाना सुरू झाला.

पुढं जे झालं ते नुरुल कादेरला नक्कीच जड गेलं असणार. शिकून आलेल्यांपैकी बहुतेकांनी काही वर्षांतच नोकरी सोडली. कुणी स्वतःचा कारखाना टाकला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. एका कंपनीचं नुकसान झालं आणि एका देशाला धंदा मिळाला. १९८३-८४ मध्ये बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात जेमतेम ३ कोटी डॉलर होती, एकूण निर्यातीच्या शेकडा ४ सुद्धा नाही. आज देशाच्या निर्यातीतले शंभरातले ८० हून जास्त डॉलर कपड्यांचे असतात.

हे नुसत्या हुशारीनं झालं नाही. सरकारनं दोन सोयी करून दिल्या. एक, परदेशी गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि त्याच्या बँकेचं पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची हमी, हातात आलं, की त्याच्याच जोरावर बांगलादेशातली बँक कापड मागवायला दुसरं पतपत्र काढून देई. म्हणजे खिशात भांडवल नसलेला माणूसही कारखाना चालवू शके. दुसरी सोय गोदामाची. बाहेरून आलेलं कापड जकात न भरता कुलपात ठेवायचं, शिवून परत बाहेर पाठवलं की हिशेब मिटला. कागदावर या गोष्टी रुक्ष वाटतात. पण हाताखाली पन्नास मशीन चालवायची धमक असलेल्या माणसाला भांडवल आणि जकात याच दोन भिंती आडव्या येतात, आणि त्या दोन्ही बांगलादेशानं काढून टाकल्या.

त्याच काळात भारतात काय चाललं होतं? तयार कपडे शिवणं हे लघुउद्योगांसाठी राखीव होतं. मोठा कारखाना काढायचा नाही, ही अट २००० च्या वस्त्रधोरणापर्यंत होती. होजिअरीला तर २००५ पर्यंत. १०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागे, म्हणून शहाणा मालक ९९ वरच थांबे. मोठी ऑर्डर घेऊन येणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला एका छताखाली दोन हजार मशीन हव्या असतात. आपल्याकडं वीस ठिकाणी वीस-वीस मशीन होत्या. लहान माणसाला जपावं या चांगल्या भावनेतून आलेला नियम लाखो लहान माणसांच्या नोकऱ्या खाऊन गेला. मला हे सगळ्या कहाणीतलं सर्वांत दुःखाचं पान वाटतं.

(दृश्य : जळगाव, रेल्वे स्थानकाजवळचा परिसर. मग अमळनेर.)

खानदेशानं गिरणी पाहिली नव्हती असं नाही. जळगावला १८७० च्या दशकात गिरणी उभी राहिली. अमळनेरला प्रताप शेटजींची प्रताप मिल, धुळ्याला न्यू प्रताप मिल, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल. अमळनेरच्या शेटजींनी गिरणीच्या पैशातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, एवढी त्या धंद्यात बरकत होती. भोंग्यावर गावाचं घड्याळ चाले. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा, कृत्रिम धागा, थकलेली कर्जं यांनी त्या गिरण्या एकेक करून बसल्या. जळगावच्या गिरणीच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. आणि गिरणी गेली त्याच सुमाराला चितगावला मशीनची ओळ लागत होती.

(दृश्य : कापसाचं शेत. कंबरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. शेताच्या बांधावर तोलकाटा.)

आता बायांबद्दल. बांगलादेशाच्या प्रगतीचं श्रेय बाई घराबाहेर पडली या वाक्यात दिलं जातं. ते वाक्य खानदेशाला लावून पाहिलं की अपुरं पडतं. खानदेशची बाई घरात बसलेली कधीच नव्हती. वेचणीच्या दिवसांत ती पहाटे भाकरी थापून निघते, दिवसभर वाकून बोंडातला कापूस ओटीत टाकते, काट्यांनी बोटांची टोकं फाटतात. संध्याकाळी बांधावर काटा लागतो आणि किलोच्या हिशेबानं पैसे मिळतात. वेचणी संपली की काम संपलं. मग निंदणी येईपर्यंत हातात काही नाही. तिच्या श्रमाला महिना नाही, पगारपत्रक नाही, ती अमुक ठिकाणी नोकरी करते असं सोयरिकीत सांगता येत नाही.

ढाक्याच्या मशीनवर बसलेल्या मुलीला महिन्याचा पगार मिळाला. तो कमीच होता, पण ठरलेल्या दिवशी यायचा. सुमारे ४० लाख माणसं या धंद्यात आहेत. सुरुवातीच्या दशकांत त्यांतल्या बहुसंख्य बाया, आजही निम्म्याहून अधिक. रेचल हीथ आणि मुश्फिक मुबारक या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गावांच्या जवळ कपड्यांचे कारखाने होते, तिथल्या मुली जास्त वर्षं शाळेत राहिल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली, असं त्यात दिसलं. कारण सरळ होतं. लिहिता-वाचता, मोजता आलं तर मशीनवर घेतात, हे आईबापांना दिसत होतं. सरकारनं १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी देशभर पैसे दिले, तेही कामी आलं. आणि हे सगळं अशा समाजात, जिथं पडदा होता, मुल्लामौलवींचा विरोध होता. संस्कृतीमुळं आमच्या बाया बाहेर पडत नाहीत, असं म्हणणाऱ्यानं ही गोष्ट एकदा शांतपणे ऐकावी.

(दृश्य : एका घराची ओसरी. मीठ, गूळ, पाण्याचं भांडं.)

आणखी एक गोष्ट, तिचा पैशाशी थेट संबंध नाही. १९८० च्या दशकात फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात घरोघरी गेल्या. एक कोटीहून जास्त घरं. पोराला जुलाब लागले तर चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एवढंच शिकवायचं. पुन्हा जाऊन आईला विचारायचं, तिच्या लक्षात राहिलं का, आणि त्यावर कार्यकर्तीचं मानधन ठरायचं. या औषधाची मोठी कसोटी १९७१ मध्ये आपल्या पश्चिम बंगालात, बनगावच्या निर्वासित छावणीत लागली होती. दिलीप महालनबीस या भारतीय डॉक्टरनं तिथं सलाइन संपल्यावर मीठ-साखरेच्या पाण्यानं हजारो जीव वाचवले. ज्ञान सीमेच्या या बाजूला सिद्ध झालं आणि त्या बाजूला घरोघरी पोचलं. मीठ आणि गूळ नंदुरबारच्या पाड्यावरही होता.

पोरं जगायला लागली, तशी माणसं कमी मुलांवर थांबली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पश्चिमेपेक्षा जास्त लोक होते. आज पाकिस्तानची लोकसंख्या २४ कोटींवर आहे, बांगलादेशाची १७ कोटींच्या आसपास. हा ७ कोटींचा फरक पन्नास वर्षांत पडला. पाकिस्तानकडं कापडगिरण्यांचं फैसलाबाद आहे, सिंधू खोऱ्यातला कापूस आहे, कापडाचा मोठा धंदा आहे. पण मुलींची शाळा मागं राहिली, सैन्याचा खर्च पुढं राहिला, आणि देश पुन:पुन्हा कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जातो. २०२४ मध्येही ७०० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं.

(दृश्य : वर्तमानपत्रांचे मथळे, ऑक्टोबर २०२०.)

ऑक्टोबर २०२० मध्ये नाणेनिधीचा अंदाज आला. त्या वर्षी बांगलादेशाचं दरडोई उत्पन्न १,८८८ डॉलर, भारताचं १,८७७. अकरा डॉलरचा फरक, पण आपल्याकडं केवढी खळबळ! करोनात आपली घसरण मोठी होती आणि क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशात देशात किती वस्तू येतात त्या, हिशेबानं भारत पुढंच होता, हेही खरं. पुढं भारत सावरला. त्यातच २०२४ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेनं निर्यातीचे आधीचे आकडे फुगलेले होते हे मान्य करून ते खाली आणले. म्हणून कोण जिंकलं हे मोजत बसण्यात मला रस नाही. १९७१ ला जो सर्वांत मागं होता तो आज आपल्या बरोबरीनं चालतो, एवढं पुरेसं आहे.

त्याची किंमतही सांगायलाच हवी. २४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ सावर इथं राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक बंद ठेवली गेली, कामगारांना मात्र आत पाठवलं गेलं. १,१३४ माणसं मेली. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटनांत करार झाला, इमारतींची तपासणी झाली, पुष्कळ कारखाने सुधारले. पण पगारासाठी लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. किमान वेतन महिन्याला १२,५०० टका झालं ते २०२३ च्या डिसेंबरात, तेही आंदोलनात माणसं मेल्यावर. खानदेशात मशीन आल्या तर त्या अशा येऊ नयेत.

(दृश्य : शहादा, शिरपूर. सूतगिरणी. धाग्याच्या कोनांची रास.)

खानदेशात सूत निघतं. शहाद्याला, शिरपूरला, धुळ्याला सहकारी सूतगिरण्या आहेत. नवापूरला सुरतच्या शेजारानं कापड उद्योग आलाय. म्हणजे कापूस आहे, रुई आहे, सूत आहे. शिलाई मात्र नाही, आणि सगळ्यात जास्त हातांना काम शिलाईतच लागतं. हात तर दर वर्षी बाहेर जातातच. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातून माणसं बायकापोरांसकट गुजरातला ऊसतोडीला जातात. मुली बाहेरगावी जाणार नाहीत, हे कारण इथं चालत नाही. त्या जातात, उसाच्या फडात झोपडी बांधून राहतात. फक्त त्या जाण्याला शिक्षण नाही आणि पगार नाही.

वेळही आत्ताची आहे. बांगलादेशाला अतिमागास देश म्हणून युरोपात जकात माफ आहे. त्या यादीतून बाहेर पडायची तारीख संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर २०२६ अशी ठरवली, आणि युरोपनं त्यापुढं तीन वर्षं सवलत ठेवायचं धरलं. म्हणजे २०२९. त्या सुमाराला ऑर्डरी हलतील. व्हिएतनाम आणि कंबोडिया तयारच आहेत. जळगावला किंवा शिरपूरला त्यांतली एखादी ऑर्डर हवी असेल, तर सुरुवात शेडच्या भूमिपूजनानं करून भागणार नाही. मुलींना राहायला सुरक्षित वसतिगृह, शिफ्ट सुटल्यावर गावापर्यंत बस आणि ठरल्या तारखेला बँकेत पगार, हे आधी. आणि त्याच्याही आधी शिकलेली माणसं. ढाक्याला त्यासाठी बुसान गाठावं लागलं. आपल्याकडं तमिळनाडूतलं होजिअरीचं शहर तिरुप्पूर आहे. शहाद्याच्या, अमळनेरच्या पन्नास मुलींची पहिली तुकडी सहा महिने तिथं पाठवायला ना परदेशी करार लागतो, ना कोटा. एका सूतगिरणीच्या संचालक मंडळानं बैठकीत ठराव केला, तरी ती पुढच्या महिन्यात निघू शकते.